टोचतंय कुठे ते सांगा

मी दात बनवते. दातांची डॉक्टर नाही मी. डॉक्टर लोकांच्या तोंडात डोकावतो, माप घेतो, माप माझ्याकडे पाठवतो, आणि कवळी नीट बसली की सगळे हात त्याला जोडतात. नाही बसली की फोन मला येतो. छापखान्याच्या वरच्या मजल्यावर माझी एक खोली आहे. प्लास्टर, मेण, गुलाबी प्लास्टिक, पॉलिशचं चाक आणि भिंतभर फळ्यांवर लोकांचे जबडे. एकतीस वर्षं हेच करतेय. त्यामुळे मला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, सुळे राहतात.

दुरुस्तीची गिऱ्हाइकं डॉक्टर सरळ माझ्याकडेच धाडतात, आणि त्यातल्या एका प्रकाराने मला कायम वात आणलाय. ही मंडळी नवी कवळी घेऊन जातात, दोन दिवस घालतात, कुठेतरी टोचली की काढून कपाटात ठेवतात. सहा महिन्यांनी येऊन म्हणतात, बसत नाही हो. कुठे टोचते? ते काही आठवत नाही. हिरडीवर खूण शोधावी तर हिरडी एव्हाना बरी होऊन गुळगुळीत झालेली. मग मी तासू काय, माझं कपाळ? म्हणून मी दारावर पाटीच लावली: ‘येण्याच्या आदल्या दिवशी कवळी दिवसभर घाला. टोचतंय कुठे ते सांगा.’ बावीस वर्षं ती पाटी तिथे आहे. लिहिली मी, वाचली मात्र कधीच नाही.

गेल्या वर्षी नेहमीच्या तपासणीत माझ्या डाव्या स्तनात गाठ सापडली. वाटाण्याएवढी. आमच्या घरात त्या शब्दाची एवढी चोरी की नवरा ‘ती जागा’ म्हणायचा, नणंद फोनवर ‘तिथलं’ म्हणायची, आणि शेजारीण नुसतीच स्वतःच्या गळ्याखाली हात फिरवून मान हलवायची. मीच एकटी नाव घ्यायचे, कारण गाठ माझी होती आणि ती कुठे आहे हे मला पक्कं माहीत होतं. पंचावन्न वर्षांच्या त्या अवयवाने आजवर कुणाचं काही बिघडवलं नव्हतं, हेही मी सांगायचे. त्यावर कुणी हसायचं नाही.

नवऱ्याबद्दल थोडं सांगायला हवं. समोर मी त्याला अहो म्हणते. इथे अरे-तुरे करणार आहे. तो लिफ्ट तपासणारा साहेब होता, आता निवृत्त आहे. एका दोराने पाळणा उचलला जात असेल तर चार दोर लावायचे, ब्रेकला आणखी एक ब्रेक द्यायचा, आणि मग कागदावर खूण करायची, यात त्याचं आयुष्य गेलं. माणूस म्हणून चांगला. सफरचंद चमच्याने खरवडून खातो, पाव दुधात बुडवून मऊ करतो, असे म्हातारे नखरे मात्र फार.

कॅन्सरची डॉक्टर चाळिशीची होती, बोलायला सरळ, आणि तिचा पुढचा एक दात बाकीच्यांपेक्षा एक छटा पांढरा होता. कुणीतरी घाईत बनवलेला. ऑपरेशन होऊन गाठ निघाली, काखेतल्या ग्रंथी तपासल्या, त्या स्वच्छ निघाल्या. मग तिने आम्हा दोघांना समोर बसवलं आणि एक कागद काढला. त्यावर शंभर ठिपके होते. या शंभर बायका, ती म्हणाली, सगळ्या तुमच्यासारख्या, तुमच्याच वयाच्या, तुमच्याएवढ्याच गाठीच्या. मी म्हटलं, बिचाऱ्या.

आधी विषय निघाला केमोचा. तुमच्या गाठीच्या तपासण्या बघता केमोने या शंभरातल्या फार तर एकीला फायदा होईल, तिने सांगितलं, आणि त्रास मात्र पुष्कळ जणींना होईल. त्यातल्या काहींच्या बोटांची टोकं बधिर होतात, कधी कधी कायमची. तुमच्या बाबतीत मी आग्रह धरणार नाही. नवरा लगेच म्हणाला, एक म्हणजे एक, सगळं करून टाकू. त्याला पाचवा दोर दिसला होता. मी माझी बोटं टेबलावर ठेवली. मेणावर केसाएवढा उंचवटा राहिला तरी तो मला डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागतो. ही बोटं गेली की मी म्हणजे जबड्यांच्या गोदामाची राखणदार. मी केमोला नाही म्हटलं. नवरा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी नणंदेचा फोन आला आणि तिने विचारलं की जिवापेक्षा नोकरी मोठी का. मी म्हटलं, नोकरी नाही, धंदा आहे, आणि फोन ठेवला.

मग तीन आठवडे रेडिएशन झालं, आणि शेवटी उरली एक गोळी. रोज एक, पाच वर्षं. डॉक्टरने परत ठिपके काढले. गोळी न घेता या शंभरातल्या पंधराजणींना पुढे-मागे हा पाहुणा परत भेटेल, घेतली तर आठ-नऊजणींना. म्हणजे सहा-सात बायका वाचतात. ही मात्र घेण्यासारखी आहे, ती म्हणाली, त्रास होतो काहींना, झाला तर मला सांगा. मी हो म्हटलं. खरं तर माझं निम्मं लक्ष त्या पांढऱ्या दातावर होतं, पण सहा-सात हा आकडा डोक्यात गेला. घरी पोचताच नवऱ्याने फ्रिजवर तक्ता चिकटवला. रोज न्याहारीला गोळी माझ्या हातावर, पाण्याचा पेला समोर, आणि गिळली की तक्त्यावर खूण. निवृत्तीनंतर इतका खूश मी त्याला पाहिला नव्हता.

दुसऱ्या महिन्यात माझे हात गेले. म्हणजे होते जागेवर, पण सकाळी ते दुकानातल्या पुतळ्याचे असल्यासारखे. मूठ मिटली तर उघडेना, उघडली तर मिटेना. उजवा अंगठा वाकला की अडकायचा, आणि डाव्या हाताने ओढला की खटकन सुटायचा. गुडघे जिन्यावर कुरकुरायचे. दिवसातून चारदा अंगातून अशी वाफ निघायची की बर्नर न पेटवता मेण मऊ झालं असतं. बाराच्या आत सुरी धरता येत नव्हती, आणि धरली तर घसरायची. वरच्या गल्लीतल्या दाताच्या डॉक्टरने माझी एक कवळी परत पाठवली, दाढ तिरकी बसली म्हणून. त्याच्याकडून अकरा वर्षांत पहिल्यांदा माझं काम परत आलं. ती मी चाकावर फोडली आणि रडले. कॅन्सर कळला तेव्हा रडले नव्हते.

तीन महिन्यांच्या भेटीला डॉक्टरने विचारलं, काही त्रास? शेजारी नवरा बसला होता, मांडीवर तक्त्याची घडी. मी म्हटलं, काही नाही. याला कारण होतं, आणि ते काही भूषणाचं नाही. एक नकार मी आधीच वापरून बसले होते. केमोला बोटं पुढे केली, आता गोळीलाही बोटंच पुढे करायची? ही बाई बोटांचं निमित्त करून मरायला निघालीय, असं दोघांनाही वाटलं असतं. निदान मला तसं वाटलं.

मग मी गोळी बंद केली. घरात तपासणीसाहेब समोर उभे असताना हे जमवणं सोपं नाही, पण तोंडाचा भूगोल माझ्याइतका कुणाला माहीत? वरच्या शेवटच्या दाढेच्या मागे, गालाच्या बाजूला एक कपार असते. तिथे मी गोळी सरकवायचे, पाणी प्यायचे, तोंड उघडून आ करून दाखवायचे, आणि कामावर जाऊन काढायचे. रविवारची गोळी रुमालात बांधून सोमवारी न्यायचे. एवढा खटाटोप करून ती कचऱ्यात टाकावी ना? टाकवत नव्हती. टोपलीवर हात नेला की त्या सहा-सात बायका डोळ्यांसमोर यायच्या, रांगेत, हातात पिशव्या घेऊन. शेवटी फळीवरून मी माझाच जबडा काढला. नवीन प्लास्टर तपासायला मागे कधीतरी स्वतःचं माप घेऊन तो ओतला होता. रोज दिवसाचं उरलेलं प्लास्टर त्याच्या तळाला थापायचं, त्यात गोळी दाबायची आणि जबडा खोक्यात घालून परत फळीवर ठेवायचा. ना गिळली, ना फेकली.

चार आठवड्यांत हात परत आले. अंगठा सुटला, सुरी सरळ चालू लागली. आता मी सुखी व्हायला हरकत नव्हती. पण आंघोळीला गेले की हात त्या जागेवर जायचे. मग काखेत. मग दुसऱ्या बाजूला. अर्धा अर्धा तास. नवरा दार वाजवून विचारायचा, पडलीस का? केसाएवढा उंचवटा ओळखणारी बोटं मी वाचवली होती, आणि ती दिवसभर माझ्याच अंगावर उंचवटे शोधत फिरत होती. मला फार भीती वाटत होती, आणि ती सांगायला घरात कुणी नव्हतं, कारण घरात सगळं ठीक चाललं होतं. तक्ता साक्षी होता.

नवव्या आठवड्यात माझा जबडा माझ्यावर उलटला. वरच्या गल्लीतल्या डॉक्टरकडे एका निवृत्त बँडमास्तरची कवळी जायची होती. बँडमास्तरच्या तोंडात औषधालाही दात नाही. खोके सगळे सारखे, फळी तीच, मी बाथरूममधल्या शोधमोहिमेचा विचार करत होते, आणि खोके नेणाऱ्या माणसाच्या हातात भलतंच खोकं दिलं. डॉक्टरने ते गिऱ्हाइकासमोर उघडलं. आत दातांनी गच्च भरलेला, तळाला विटेएवढा जाड झालेला जबडा. बँडमास्तर म्हणाला म्हणे, इतके नकोत, थोडे कमी करा. हसण्याच्या नादात डॉक्टरच्या हातून तो सुटला, फरशीवर फुटला, आणि केकमधल्या बेदाण्यांसारख्या गोळ्या बाहेर पडल्या.

त्याने मला फोन केला, पण पॉलिशच्या चाकापुढे मला ऐकू आला नाही. मग त्याने घरी केला. नवऱ्याला त्याने अगदी सरळपणे विचारलं की हे नवीन पद्धतीचं प्लास्टर आहे का, कारण यात औषध आहे.

तासाभराने नवरा जिना चढून माझ्या खोलीत आला. रस्त्यात त्या डॉक्टरकडे थांबून गोळ्या घेऊन आला होता. माझ्या टेबलावर, मेणाच्या सुऱ्यांशेजारी, त्याने त्या दहा-दहाच्या रांगेत मांडल्या. प्लास्टर निघालं तेवढं खरवडून स्वच्छ केल्या होत्या. मोजल्याही होत्या, अर्थातच.

“अठ्ठावन्न,” तो म्हणाला. “डॉक्टरच्या भेटीनंतर तक्त्यावर त्रेसष्ट खुणा आहेत.”

“बाकीच्या प्लास्टरमध्येच असतील,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

तो गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला. मी आरडाओरड्याची तयारी केली होती. माझी उत्तरं तयार होती, दातओठ खाऊन म्हणायची. पण तो हळू आवाजात म्हणाला, “मी रोज खूण करायचो आणि दिवसभर निर्धास्त राहायचो. नऊ आठवडे मी खोटा निर्धास्त होतो.”

मग मात्र मीच चिडले, कारण चूक माझी होती. अंगठा, गुडघे, वाफ, परत आलेली कवळी, सगळं त्याच्या अंगावर टाकलं. हेही म्हटलं की तुम्हाला आधी सांगितलं असतं तर केमोचं उगाळत बसला असता. तो म्हणाला, हो, एक दिवस उगाळलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी तुला डॉक्टरकडे नेलं असतं. माणूस खरं बोलला की भांडणाची मजा जाते.

कॅन्सरच्या डॉक्टरकडे आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो. गोळ्या नवऱ्याने पुराव्यादाखल बाटलीत भरून आणल्या होत्या. तिने त्या पाहिल्या, त्यांना चिकटलेलं पांढरं पाहिलं, हे काय म्हणून विचारलं, आणि मी सांगितल्यावर बराच वेळ खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. हसून झाल्यावर ती परत बसली आणि म्हणाली की पाच वर्षांच्या रस्त्यात नऊ आठवडे चुकले म्हणून काही बिघडत नाही. त्रास फार असेल तर मीच काही आठवडे थांबवते आणि दुसरी गोळी सुरू करते. ती सुट्टी तुम्ही आधीच घेऊन आलात. याच कामाची दुसरी एक आहे, कित्येकींना ती सोसते. ती नाही सोसली तर अजून एक आहे, तिचे धोके वेगळे, ते तेव्हा बोलू. आणि रोज अर्धा तास चाला, सांध्यांना बरं पडतं. मी म्हटलं, दुखणाऱ्या गुडघ्यांना चालायला लावणं हा कुठला न्याय. ती म्हणाली, मलाही पटत नव्हतं, पण बायका सांगतात म्हणून सांगते.

मग तिने वही उघडली. कुठलं बोट जास्त? उठल्यावर किती वेळ? दोन्ही हात सारखे का? गोळी घेतल्यावर किती तासांनी?

अंगठा आठवत होता. बाकी सगळं गोळी थांबल्यावर बरं होऊन पुसून गेलं होतं. बाराच्या आत की दहाच्या आत, उजवं मधलं बोट की डावं, काही सांगता येईना.

“आठवत नाही,” मी म्हटलं.

“मागच्या भेटीत विचारलं तेव्हा तुम्ही काही नाही म्हणालात,” ती म्हणाली. आवाजात पहिल्यांदा धार होती. “गोळी बंद केलीत त्याचा मला राग नाही. पण कुठे दुखतं तेच कळलं नाही, तर मी बदलू काय?”

माझे कान तापले, आणि ही वाफ गोळीची नव्हती. बावीस वर्षं ज्या वाक्यावर मी म्हाताऱ्याकोताऱ्यांना झापलं, ते मला माझ्या निम्म्या अनुभवाची बाई ऐकवत होती, आणि तेही त्या दातासकट. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली फरशीकडे बघत होता आणि त्याचेही कान लाल झाले होते. माझी लाज वाटत असेल, असं मला वाटलं.

नवीन गोळी सुरू केली. त्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात एकदा, साडेअकराला, खोलीचं दार वाजलं. बाहेर पाटीखाली नवरा उभा होता. घरच्या माणसाने दार कशाला वाजवायचं, असं मी विचारणार तेवढ्यात तो आत येऊन स्टुलावर बसला आणि म्हणाला, “काल दिवसभर घातली होती.”

“काय?”

त्याने तोंडात बोट घालून उजव्या खालच्या दाढांची कवळी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. तीन दाढांची, सहा वर्षांपूर्वी मी त्याला केलेली. तिच्यावर मी इतर कुणाच्या कवळीवर घेतली नसेल एवढी मेहनत घेतली होती.

“काल दिवसभर म्हणजे?” मी म्हटलं. “एरवी घालत नाही?”

घालायचा. मी समोर असले की. जेवताना माझ्यासमोर घालायचा आणि डाव्या बाजूने चावायचा. मी कामावर निघाले की काढून पेचकसांच्या डब्यात ठेवायचा. सहा वर्षं. ते खरवडलेलं सफरचंद, तो दुधातला पाव, तो कसला नखरा होता ते मला आता कळलं. रोज सकाळी त्याने माझं तोंड तपासायचं आणि मी आ करायची. त्याचं तोंड तपासायचं मला एकदाही सुचलं नाही, आणि म्हणे मला माणसांचे सुळे लक्षात राहतात.

“सांगायचं नाही का?” मी म्हटलं.

“तू केली होतीस,” तो म्हणाला. “इतकी मन लावून. टोचते कसं म्हणणार?”

मी दिवा ओढला आणि त्याला आ करायला लावलं. आतल्या बाजूला, जिभेकडे, हिरडीवर गव्हाच्या दाण्याएवढी लाल खूण होती. पाटीवरचा नियम पाळून आणलेली, ताजी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण दिव्यामुळे त्याला दिसलं नसावं. मी कवळी चाकाला लावली. बोटं तोपर्यंत सुटली होती, अंगठा एकदाच अडकला. घालून बघायला दिली. ठीक आहे, तो म्हणाला.

“ठीक आहे म्हणू नका. कुठे ते सांगा.”

त्याने जीभ फिरवली, जरा विचार केला आणि गालावरून बोट टेकवलं. इथे, अजून थोडं. मी परत काढली, परत तासली. चार वेळा. पाचव्या वेळी त्याने माझ्या डब्यातलं सफरचंद घेतलं आणि उजव्या बाजूने चावलं. कचकन आवाज झाला.

तक्ता अजून फ्रिजवर आहे, पण खुणा बंद झाल्या. आता मी त्यात लिहिते. ‘उजवा अंगठा, उठल्यावर वीस मिनिटं.’ ‘गुडघे, जिना उतरताना.’ ‘वाफ दोनदा.’ पूर्वी दुपारपर्यंत बंद असायची ती मूठ आता साधारण नवाला उघडते. पुढे आणखी लवकर उघडेल, की हीही गोळी बदलावी लागेल, ते डॉक्टरला माहीत नाही आणि मलाही नाही. त्रेसष्ट गोळ्यांचा काय परिणाम व्हायचा तो होईल किंवा होणार नाही, त्याची भीती अजून आंघोळीच्या वेळी येते. तीही मी लिहिते. परवा ‘भीती, अर्धा तास’ असं लिहून कामावर गेले. संध्याकाळी आले तर त्याखाली नवऱ्याच्या तपासणीखात्याच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, ‘मलाही. आणि खालची दाढ पुन्हा थोडी टोचते.’